दोन्हीकडे चालणारं ॲप, पण कोणत्या दोन्हीकडे?

मैत्रिणींनो, हा लेख मोबाईलच्या ॲपविषयी आहे म्हणून पान उलटू नका. वर्षभरापूर्वी मीसुद्धा उलटलं असतं. ‘हे काम इंजिनियर मुलांचं, आपलं नाही’ असं आपण फार पटकन म्हणून टाकतो. कायद्याचं काम वकिलांचं, शरीराचं काम डॉक्टरांचं, असंही एकेकाळी आपण म्हणत होतो. ती सवय मोडायला चळवळीची बरीच वर्षं गेली. तशीच ही सवयही मोडायला हवी, असं मला आता वाटतं. ते का वाटतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमचं समुपदेशन केंद्र नाशिकमधलं. घरात मार खाणाऱ्या, टाकलेल्या, पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाया आमच्याकडे येतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतून येतात, तशा दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहूनही एस.टी.ने येतात. केंद्राला एका हितचिंतकांनी देणगी देऊ केली, पण ती ॲपसाठी. बाईने बटण दाबलं की मदत मिळेल, तिची तक्रार नोंदली जाईल, तारखेची आठवण येईल, अशी त्यांची कल्पना होती. हेतू चांगला होता. आम्हीही हरखलो. तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवली.

ती टेबलावर आली आणि आम्ही एकमेकींची तोंडं पाहू लागलो. एकाने लिहिलं होतं, फ्लटरमध्ये करू. दुसऱ्याने लिहिलं होतं, रिॲक्ट नेटिव्हमध्ये करू. तिसऱ्याचं म्हणणं, अँड्रॉइडचं वेगळं आणि आयफोनचं वेगळं अशी दोन ॲप्स करू. त्याचा आकडा अर्थातच सगळ्यांत मोठा. आमच्यात एम.एस.डब्ल्यू. झालेली मी एकटी. त्यामुळे हेही मलाच कळत असणार, असं गृहीत धरून कागद माझ्याकडे आले. मी ते घरी नेले, माहीतगारांना विचारलं, वाचलं. जे कळलं ते आधी थोडक्यात सांगते, कारण आज ना उद्या असे कागद तुमच्याही टेबलावर येणार आहेत.

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हेचे स्मार्टफोन आहेत. अँड्रॉइडवर चालणारे, आणि ॲपलचे आयफोन. एकासाठी लिहिलेलं ॲप दुसऱ्यावर चालत नाही. म्हणजे एकच काम दोनदा लिहायचं, दोनदा दुरुस्त करायचं. हा दुहेरी खर्च वाचवण्यासाठी एकदाच लिहून दोन्हीकडे चालवता येईल अशी साधनं निघाली. फेसबुकने २०१५ साली रिॲक्ट नेटिव्ह सर्वांना खुलं केलं. गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. ही दोन्ही साधनं फुकट मिळतात, हे लक्षात ठेवा. पैसे लागतात ते लिहिणाऱ्याच्या कामाचे आणि नंतरच्या देखभालीचे. आयफोनचं ॲप बांधायला ॲपलचाच संगणक लागतो, आणि ॲपलच्या दुकानात ते ठेवायला दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. गुगलच्या दुकानात एकदाच २५ डॉलर. कोटेशनमध्ये या रकमा वेगळ्या दाखवल्या आहेत का, ते पाहून घ्या.

एवढं समजल्यावर मला वाटलं, चला, निवड सोपी आहे. दोन्हीकडे चालणारं, कमी खर्चाचं, म्हणून पहिलं किंवा दुसरं. पुढच्या बैठकीत मी तसं मांडलं. शिकलेल्या माणसाचा आत्मविश्वास होताच अंगात.

आमच्या एक ज्येष्ठ ताई आहेत. शाळा सातवीपर्यंत, पण केंद्रात माझ्या दुप्पट वर्षं काढलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोन्हीकडे म्हणजे कोणाकडे ग? आपल्या बायांत आयफोन कोणाकडे आहे?”

कोणाकडेच नव्हता. आयफोन होता तो देणगीदारांकडे, आणि आमच्या एका विश्वस्तांच्या मुलीकडे.

मग त्या म्हणाल्या, “फोन बाईचा असतो का? की नवऱ्याचा?”

त्यानंतरचे काही आठवडे आम्ही वस्तीतल्या आणि गावांतल्या बैठकांत एवढंच विचारत गेलो. तुझ्याकडे फोन आहे का? तो तुझ्या एकटीच्या हातात असतो का? त्यात नेट असतं का? कुलूप उघडायचा आकडा आणखी कोणाला माहीत आहे? उत्तरं आमच्या अपेक्षेपेक्षा फार वेगळी होती. कित्येकींकडे बटणांचा साधा फोन. स्मार्टफोन असला तर तो मुलाच्या अभ्यासाचा, दिवसभर त्याच्या हातात. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एकीचा फोन स्वतःचा होता, पण रिचार्ज दीर मारतो, म्हणून संध्याकाळी तपासायचा हक्कही त्याचाच. आणखी एकीने एका योजनेचा अर्ज भरला होता. त्याचा ओटीपी गेला शेजाऱ्याच्या नंबरावर, कारण अर्जावर नंबर त्याचाच होता.

हा आमच्या भागापुरता अनुभव नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाईल आहे, असं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढले असणारच. पण घरातल्या घरात फोन कोणाच्या हातात राहतो, हा प्रश्न नुसत्या आकड्यांच्या वाढीने सुटत नाही. टीव्ही घरोघर आला, तरी रिमोट कोणाकडे असतो ते आपण पाहतोच.

म्हणजे कोटेशनमधलं ‘दोन्हीकडे’ आणि आमचं ‘दोन्हीकडे’ यांत मोठी तफावत होती. त्यांच्या लेखी दोन बाजू म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोन. आमच्या लेखी स्मार्टफोन आणि बटणांचा फोन, स्वतःचा फोन आणि घरचा फोन, रेंज असलेलं गाव आणि नसलेलं, वाचता येणारी बाई आणि न येणारी. बटणांच्या फोनवर फ्लटरही चालत नाही आणि रिॲक्ट नेटिव्हही नाही. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये बटणं असूनही नेट होतं, पण त्याची आतली व्यवस्था तिसरीच, कायओएस नावाची. तिथेही ही ॲप्स चालत नाहीत. शिवाय या साधनांच्या नव्या आवृत्त्या येतात तसतसा फार जुन्या अँड्रॉइड फोनचा आधार काढून घेतला जातो. घरातला नवा फोन कर्त्या पुरुषाकडे आणि जुना, फुटक्या काचेचा बाईकडे, ही आपल्याकडची रीत. मग आधार कोणाचा सुटला?

साधन निवडण्याआधी वापरणारीला विचारलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. अंगणवाडी सेविकांचं उदाहरण घ्या. २०१८ साली पोषण अभियान सुरू झालं आणि सेविकांच्या नोंदी मोबाईलवर आल्या. आपल्या राज्यात त्यांना सरकारी फोन मिळाले. आधीचं ॲप गुंडाळून २०२१ च्या मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं. दोन जी.बी. रॅमचे ते फोन, त्यांवर जड ॲप, आणि ॲप इंग्रजीत. फोन तापायचा, अडकायचा. मुलांची वजनं, गरोदर बायांची नावं, सगळं इंग्रजीत भरायचं. माहिती भरली नाही तर मानधनाला धक्का लागण्याची भीती. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही मानधनवाढीबरोबर नवे मोबाईल आणि मराठी ॲप या मागण्या होत्या. पुढे ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या.

त्या आंदोलनाला वर्तमानपत्रांतून ‘तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या बाया’ असाही सूर ऐकू आला होता. मला तो अन्यायाचा वाटतो. रोज चाळीस मुलांचा खाऊ, वजन, लसीकरण सांभाळणारी बाई फोनला घाबरत नाही. तिने एवढंच सांगितलं, की तुमचं साधन माझ्या कामाला बसत नाही. हे ती पहिल्याच दिवशी, फुकट सांगू शकली असती. तिला विचारलं गेलं नाही. आणि आम्ही स्वतःला स्त्रियांची संघटना म्हणवतो, तरी आमच्या पहिल्या बैठकीत आम्हीही विचारलं नव्हतं, हे इथे कबूल करायला हवं.

आता सुरक्षिततेचं बोलू, कारण आमच्या कामात खरा धोका इथे आहे. ॲप फोनमध्ये घेतलं की त्याचं चित्र पडद्यावर दिसतं. कोर्टाच्या तारखेची आठवण बंद पडद्यावरही उमटते, आणि ती पहिल्यांदा वाचणारा माणूस बाईच असेल असं नाही. एकच गुगल खातं नवरा-बायको दोघांच्या फोनवर असेल, तर तिने कोणतं ॲप घेतलं हे त्यालाही पाहता येतं. ॲप बांधताना तयार मिळणारे सुटे भाग वापरले जातात. ते कधी कधी ठिकाण, संपर्कयादी अशी माहितीही मागून घेतात आणि बाहेर पाठवतात. खाण्यापिण्याच्या ॲपला हे सारं चालून जातं. मार खाऊन माहेरी लपलेल्या बाईच्या बाबतीत ठिकाण फुटणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

साधा फोनही निर्धोक नसतो, हे खरं आहे. कॉल केल्याची नोंद त्यातही राहते. आम्ही परत फोन केला आणि तो भलत्याने उचलला तरी पंचाईत. म्हणून आमच्याकडे जुना नियम आहे: बाईने सांगितलेल्या वेळेलाच फोन करायचा, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर ‘बचत गटाच्या हप्त्याचं बोलायचं होतं’ म्हणायचं. हा नियम कोणत्याही इंजिनियरने घालून दिला नाही. तो बायांच्या अनुभवातून आला. ॲप करायचं तर असे सगळे नियम त्यात आधी लिहायला हवेत, आणि ते फक्त आपणच सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ही साधनं आणि सेवा कंपन्यांच्या आहेत आणि कंपन्या त्या बंदही करतात. माहिती साठवण्याची ‘पार्स’ नावाची सेवा फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. एकदा लिहून दोन्हीकडे चालवण्याचं फोनगॅप हे एक जुनं साधन. त्याला ॲडोबीने २०२० मध्ये रामराम ठोकला. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली घेतलेल्या झामरिनचा आधार १ मे २०२४ रोजी संपला. मोठ्या कंपनीला याचं काही वाटत नाही, ती माणसं लावून सगळं नव्याने लिहून घेते. आपल्यासारख्या संस्थेची देणगी एकदाच मिळते. ॲप बांधायला पैसे देणारे भेटतात, ते तिसऱ्या वर्षी दुरुस्त करायला देणारे भेटत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका संस्थेचं ॲप असंच पडून आहे. बांधून देणारा मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, आणि किल्ल्या म्हणजे पासवर्ड त्याच्याचकडे राहिले. उद्घाटनाचा फोटो मात्र कार्यालयात लावलेला आहे.

माहिती कोणाच्या कपाटात ठेवायची, हाही प्रश्न साधनाइतकाच मोठा. गुगलची फायरबेससारखी सेवा सुरुवातीला फुकट असते, वापर वाढला की बिल येतं. आपल्या केस-नोंदी तिथे ठेवल्या तर त्या कोण पाहू शकतो, संस्थेतली बाई सोडून गेल्यावर तिचा प्रवेश बंद होतो का, नोंद कायमची पुसता येते का, हे आधी ठरवायला हवं. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तेव्हा ही जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही. पण कायदा नसता तरीही, बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही तिची मालमत्ता आहे, हे आपण पहिल्यापासून मानत आलो आहोत.

मग आम्ही काय ठरवलं? संकटातल्या बाईसाठी ॲप करायचं नाही. तिच्यासाठी एक फोन नंबर, तोच पाठ करता येईल असा, आणि मिस्ड कॉल दिला तर तिच्या सोयीच्या वेळी उलट फोन. त्याबरोबर १८१ आणि ११२ हे सरकारी नंबर बैठकीत तोंडपाठ करून घ्यायचे. देणगीतला काही भाग आम्ही फोनवर बसणाऱ्या बाईच्या मानधनाला मागितला. देणगीदार आधी नाराज झाले, कारण मानधनाचं उद्घाटन करता येत नाही. दोन बैठका लागल्या, पण ते तयार झाले.

कार्यकर्त्यांच्या कामासाठी मात्र मोबाईल हवाच होता. गावभेटीच्या नोंदी वहीतून वहीत उतरवण्यात आमचे दिवस जायचे. त्यासाठी नवं काही बांधायची गरज नाही, असं लक्षात आलं. ओडीके, कोबो टूलबॉक्स अशी तयार साधनं आहेत. प्रश्नावली मराठीत करता येते, रेंज नसताना माहिती फोनमध्ये राहते आणि रेंज आली की पुढे जाते. आम्ही तिथे बायांची नावं घालत नाही, फक्त क्रमांक. नावांची वही अजूनही कुलपात असते.

आमच्यातली सगळ्यांत तरुण मैत्रीण या निर्णयावर खूश नाही, हेही लिहिते. ती म्हणते, कॉलेजच्या मुली आणि कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या मुली फोन करून बोलणार नाहीत. त्या रात्री दोन वाजता लिहितील, आणि तेव्हा त्यांना कोणीतरी उत्तर द्यायला हवं. तिचं म्हणणं मला पटतं. फोनवर बोलायला एकांत लागतो, एका खोलीच्या घरात तो कुठून आणायचा? म्हणून आता आम्ही एक साधं, हलकं संकेतस्थळ करायच्या विचारात आहोत. ते कोणत्याही स्मार्टफोनवर उघडेल, फोनमध्ये उतरवून घ्यावं लागणार नाही, आणि एका बटणासरशी दुसरंच पान समोर येईल. पण उघडलेल्या पानाची नोंद फोनमध्ये मागे राहतेच, ती कशी पुसायची हेही मुलींना शिकवावं लागेल. आणि रात्री दोनला उत्तर देणारी बाई कुठून आणायची, याचं उत्तर कोणत्याही साधनात नाही. तो वाद आमच्यात चालू आहे.

तंत्रज्ञान नको, असं मी म्हणत नाही. आमच्या नाशिकमध्येच २०१५ च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने ‘कुंभथॉन’मधून तरुणांनी अनेक प्रयोग केले. त्यांतला एक मला विशेष आवडला. गर्दी मोजण्यासाठी वाटेत अंथरायची एक पट्टी होती. तिच्यावरून माणसं चालत गेली की पावलं मोजली जात. भाविकाकडे फोन असण्याची, त्याला वाचता येण्याची गरजच नव्हती. अनवाणी आलेली म्हातारीही त्या मोजणीत धरली जात होती. साधन असं असू शकतं. समोर कोण येणार आहे, हे आधी पाहिलं तर.

तुमच्याकडे कोटेशन आलं, तर त्यातल्या साधनाचं नाव वाचण्याआधी हे प्रश्न विचारा:

आपल्या बायांच्या हातात आज कोणता फोन आहे, आणि तो आणखी कोणाच्या हातात जातो?
सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत स्वस्त फोनवर हे चालवून दाखवाल का?
रेंज नसताना काय होईल? वाचता न येणारीला आवाजात ऐकू येईल का?
नवऱ्याने फोन उघडला तर त्याला काय दिसेल?
माहिती कुठे राहील, ती कोण पाहील, आणि पुसायची झाली तर कोण पुसेल?
तिसऱ्या वर्षी दुरुस्तीचा खर्च किती, तो कोण देणार? सगळे पासवर्ड आणि लिहिलेलं सगळं संस्थेच्या नावावर असेल का?
आणि शेवटी, हे काम एका फोन नंबरने, एका माणसाने होणार नाही का?

याची उत्तरं मिळाली की फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह हे खुशाल इंजिनियरला ठरवू द्या. ते त्याचं काम आहे. आधीचं सगळं ठरवणं मात्र आपलं काम आहे, आणि त्या बैठकीत सातवी शिकलेल्या ताईंना खुर्ची हवी.

तुमच्या गटाने ॲप केलं असेल, ते चाललं असेल किंवा फसलं असेल, तर जरूर लिहून पाठवा. फसलेल्याचं आधी पाठवा. त्यातून इतरजणी जास्त शिकतील.